सीमाभागातल्या मराठी शाळेत विशेष गरजेचं मूल: नव्या शिक्षकांसाठी पहिल्या वर्षाची वाट

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यातल्या मराठी शाळेत तुम्ही नव्याने रुजू झाला असाल, तर तुमच्या वर्गात विशेष गरज असलेलं निदान एखादं मूल असणार, हे धरूनच चाला. हजेरीत त्याच्या नावापुढे तसं काही लिहिलेलं बहुधा नसतं. ते मागे बसतं, कुणाला त्रास देत नाही, वही कोरी ठेवतं. आधीच्या वर्गातून ते तुमच्याकडे येतं तेव्हा सोबत फक्त एक वाक्य येतं: ‘तो तसाच आहे.’

वर्षभर काय करायचं ते सांगण्याआधी एक गोष्ट मनात पक्की करून ठेवा. आधी नोंद, मग नाव. मूल काय करतं आणि काय करत नाही हे लिहून काढल्याशिवाय त्याला मतिमंद, स्लो लर्नर, ऑटिझमवालं यातलं काहीही म्हणू नका. निदान करणं आपलं काम नाही आणि तो अधिकारही आपला नाही. पण रोज पाच-सहा तास ते मूल आपल्यासमोर असतं. आपण जे बघू शकतो ते डॉक्टरला दहा मिनिटांत दिसणार नाही.

पहिला महिना: एक वही घाला

आपल्या शाळा मे अखेरीस उघडतात. पहिला महिना उजळणीचा असतो, तेवढ्यात ही वही सुरू करा. दोनशे पानी साधी वही पुरते, ज्या मुलाबद्दल शंका वाटते त्याच्यासाठी चार पानं सोडा.

‘अभ्यासात कच्चा’, ‘लक्ष नाही’, ‘आळशी’ असलं लिहून काही हाती लागत नाही. असं लिहा: ‘फळ्यावरचे पाच शब्द उतरवले, दोन गाळले, एक अर्धा. तेच शब्द शेजारणीच्या वहीतून बिनचूक उतरवले.’ एवढ्या नोंदीवरून कळतं की अडचण लिहिण्यात नाही, फळ्यापर्यंतच्या अंतरात आहे, आणि आधी डोळे तपासायला हवेत. किंवा: ‘तोंडी गोष्ट सांगितली, क्रम बरोबर, सहा-सात वाक्यं. तीच गोष्ट लिहायला सांगितली तर दोन ओळींत पेन ठेवलं.’ या मुलाची समज शाबूत आहे, अडतंय कागदावर उतरवताना.

ऐकू कमी येणारी मुलं सगळ्यात उशिरा लक्षात येतात, कारण ती फार हुशारीने सांभाळून घेतात. चौथीतली एक मुलगी मला आठवते. वर्गात गंमत झाली की ती हसायची, पण सगळे हसल्यावर, एक क्षण उशिरा. ‘पुस्तक काढा’ म्हटलं की आधी शेजारणीच्या हाताकडे बघायची. मी फळ्याकडे तोंड करून बोलत असताना तिची मान खाली असायची आणि मी वळले की वर यायची. तिचा एक कान लहानपणापासून वाहत होता. पावसाळ्यात वाहतो, उन्हाळ्यात थांबतो, म्हणून घरच्यांनी तो मनावर घेतला नव्हता. कान वाहणं हे आपल्याकडे सर्दीसारखं धरतात. तसं धरू नका, त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा.

भाषेची अडचण की शिकण्याची?

सीमाभागातल्या शिक्षकाला हा प्रश्न इतर कुणापेक्षा जास्त छळतो, म्हणून इथे थोडं थांबू.

आपल्या वर्गात घरी मराठी बोलणारी मुलं असतात, कन्नड बोलणारी असतात, आई एक आणि बाप दुसरी भाषा बोलणारी असतात, खानापूरच्या जंगलपट्ट्यात कोकणी बोलणारीही असतात. पुस्तकातली मराठी यांतल्या कुणाच्याच घरी बोलली जात नाही. ‘काय करायलास?’ असं रोज ऐकणाऱ्या पोराला ‘तू काय करीत आहेस?’ हे वाक्य पहिलीत परकंच असतं. त्यात देवनागरी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन लिप्या लहान वयात एकापाठोपाठ येतात. देवनागरीत घ आणि ध, भ आणि म, ब आणि व यांत घोटाळा होतो, कन्नडमध्ये म आणि व यांत, प आणि ष यांत. दुसरी-तिसरीपर्यंत हा घोटाळा बहुतेक मुलांचा होतो आणि सुटतो.

मग शंका कधी घ्यायची? मी तीन गोष्टी बघते. पहिली, अडचण एकाच भाषेत आहे की सगळ्यांत? घरच्या भाषेत मूल भरभरून बोलतं, ऐकलेली गोष्ट परत सांगतं, खेळाचे नियम समजावून देतं, आणि फक्त मराठी पुस्तकापुढे गप्प होतं, तर त्याला भाषा हवी आहे, तपासणी नव्हे. घरच्या भाषेतही त्याला शब्द सापडत नसतील, दोन सूचना एकदम पाळता येत नसतील, तर पुढे जा. दुसरी, शिकवल्यावर फरक पडतो का? सहा-आठ आठवडे रोज दहा मिनिटं त्याच्याजवळ बसून अक्षरांवर काम करा. भाषेपायी मागे राहिलेलं मूल या काळात सरसर पुढे सरकतं. जे आज शिकतं आणि उद्या पाटी पुन्हा कोरी असते, त्याची गोष्ट वेगळी. तिसरी, घरच्यांना विचारा: हा उशिरा चालला का, उशिरा बोलला का, भावंडांपेक्षा वेगळा वाटतो का? आईला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं.

अंकांचं एक उदाहरण देते, कारण इथे आपली फसगत ठरलेली. मराठीत आपण ‘सव्वीस’ म्हणतो, म्हणजे सहा आधी ऐकू येतो आणि वीस नंतर. कन्नडमध्ये ‘इप्पत्तारु’, वीस आधी आणि सहा नंतर, लिहिण्याच्याच क्रमाने. इंग्रजीतही तसंच. त्यामुळे कन्नड घरातलं पोर मराठीत ‘सव्वीस’ ऐकून ६२ लिहितं आणि आपण म्हणतो, याला गणित जमत नाही. त्यालाच ‘इप्पत्तारु’ म्हणून बघा. २६ लिहिलं तर गणित ठीक आहे. दोन्ही भाषांत चुकत असेल तर चिंचोक्यांवर या: दहा-दहाच्या दोन पुरचुंड्या आणि सहा सुटे समोर मांडा, किती ते विचारा. मांडलेले मोजता येतात पण लिहिता येत नाहीत, की मोजतानाच गाडी अडते, हे एवढ्यात समजतं. वहीत तसंच लिहा.

कुणाकडे जायचं

नोंदी हातात असल्या की मुख्याध्यापकांशी बोला आणि तालुक्याच्या गट संसाधन केंद्रात, म्हणजे बीआरसीत, विशेष मुलांसाठी नेमलेल्या संसाधन शिक्षकांना गाठा. आपल्याकडे त्यांना बीआयईआरटी म्हणतात. अख्ख्या तालुक्याचा भार त्यांच्यावर असतो, वाट बघत बसलात तर वर्ष जाईल. वहीची पानं घेऊन तुम्हीच जा. ‘मॅडम, एक पोरगं जरा असं आहे’ म्हणणाऱ्यापेक्षा तीन आठवड्यांच्या नोंदी समोर ठेवणाऱ्या शिक्षकाचं काम आधी होतं, हा माझा अनुभव आहे. एनसीईआरटीची ‘प्रशस्त’ ही तपासणी सूची शिक्षकांसाठीच बनवलेली आहे. ती भरली की नोंदींना एक शिस्त येते. पण त्यातून निघतो तो अंदाज, निदान नव्हे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आरोग्य तपासणीला शाळेत येतं, त्या दिवशी आपलं मूल हजर राहील हे बघा. ही मुलं नेमकी त्याच दिवशी गैरहजर असतात, कारण घरचे घाबरतात. पथकाने पुढे पाठवलं तर जिल्हा रुग्णालयात, म्हणजे बेळगावला, जावं लागतं. खानापूरच्या आडगावातल्या आईला मजुरी बुडवून, एसटी बदलून तिथे जायचं असतं, तेव्हा कोणत्या दिवशी कोणता विभाग चालू असतो ते आधी फोनवर विचारून तिला सांगा.

दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, यांचा अर्ज ऑनलाइन असतो. इथे सीमाभागातली एक खास अडचण येते: नावाची. ज्ञानेश्वर हे नाव मराठी पद्धतीने इंग्रजीत डी-एन-वायने सुरू होतं, कन्नडमधून गेलं की जे-एनने. आधारवर एक, एसएटीएसवर, म्हणजे शाळेच्या ऑनलाइन विद्यार्थी-नोंदीत, दुसरं, रुग्णालयाच्या कागदावर तिसरं, आणि अर्ज अडकतो. अर्ज करण्याआधी आधार आणि शाळेची नोंद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. कन्नड अर्ज पालकांना मराठीत वाचून दाखवा, न समजता अंगठा किंवा सही घेऊ नका. काही घरं उपचाराला कोल्हापूरला जातात. दिव्यांग प्रमाणपत्र कायद्याने देशभर चालतं हे त्यांना सांगा, पण ते काढायचं जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या यंत्रणेकडून, किंवा ज्या सरकारी रुग्णालयात उपचार चालू आहेत तिथल्या यंत्रणेकडून.

वाचन-लेखनाच्या विशिष्ट अक्षमतेचं प्रमाणपत्र साधारण आठ वर्षांच्या आधी मिळत नाही. त्यामुळे पहिली-दुसरीत त्याच्यामागे धावू नका. मदत मात्र पहिलीपासून द्या, मदतीला कागद लागत नाही. बऱ्याच सवलतींसाठी प्रमाणपत्रावर किमान ४० टक्के अक्षमतेची अट आहे. त्याखालच्या मुलाला वर्गात जे द्यायचं ते आपण द्यायचंच. निदान झालं की एसएटीएसवर नोंद झाली का ते स्वतः बघा. समग्र शिक्षा योजनेतले भत्ते आणि साधनं त्या नोंदीवरूनच येतात.

घरी जाताना

आईला शाळेत सगळ्यांसमोर बोलावू नका. घरी जा, शक्यतो संध्याकाळी, शेतावरून माणसं परतल्यावर. मुलासमोर त्याच्याबद्दल बोलू नका. त्याला ऐकू येत नसलं, बोलता येत नसलं तरी चेहरे वाचता येतात.

बहुतेक आया म्हणतात, ‘घरात सगळं करतंय बघा बाई, साळंतच कसं काय करीना?’ यावर वाद घालू नका. ‘आक्का, घरात काय काय करतंय ते सांगा की मला,’ म्हणा आणि लिहून घ्या. शेळ्या मोजून आत घेतो, दुकानातून बरोबर सुटे पैसे आणतो, आजीची गोळी रंगावरून ओळखतो. हीच तुमच्या शिकवण्याची सुरुवात आहे. गावात नवस बोललेले असतात, अंगारा लावलेला असतो. त्याची टिंगल करू नका. देवाचं चालू द्या आणि डॉक्टरचंही करू या, असं म्हटलं की घरं ऐकतात. आणि ‘खुळं’, ‘येडं’ हे शब्द तुमच्या वर्गात कुणाच्याच तोंडी येणार नाहीत, हे पहिल्या दिवशी सांगून टाका, शिक्षक-खोलीतसुद्धा.

वर्गात रोज काय करायचं

एका वेळी एकच बदल करा. जागा, सूचना, वही, वेळ, सगळं एकदम बदललं तर कशाने फरक पडला ते समजत नाही.

जागेपासून सुरू करा. कमी ऐकू येणारं मूल पुढे, चांगला कान वर्गाकडे, तुमचा चेहरा उजेडात. खिडकीला पाठ करून उभे राहिलात तर त्याला तुमचे ओठ दिसत नाहीत. फळ्यावर लिहिताना बोलू नका, लिहा, वळा, मग बोला. कमी दिसणाऱ्याला फळ्यावरची चकाकी टाळून बसवा, काळ्या जाड ओळींची वही आखून द्या. चंचल मुलाला कोंडून बसवू नका, त्याला पाय मोकळे करायला काम द्या: वह्या वाटणं, फळा पुसणं, अक्षर दासोहाच्या, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या, ताटांची संख्या स्वयंपाकघरात सांगून येणं. ऑटिझम असलेल्या मुलाला अचानक बदल सोसत नाही. दिवसाचा क्रम चित्रांनी भिंतीवर लावा, आणि घंटा होण्याआधी त्याला खुणेने सांगा.

सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा नसणं) असलेल्या मुलाचा हात लिहायला वळत नसेल तर पेन्सिलीला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा, पकड जाड होते. वही टेबलाला चिकटपट्टीने लावा. तरी जमत नसेल तर तोंडी उत्तर घ्या. उत्तर येतं का हे बघायचं आहे, अक्षर वळणदार आहे का हे नव्हे. त्याला शौचालयापर्यंत कसं जाता येतं हे एकदा त्याच्यासोबत चालून बघा. कित्येक मुलं तहान लागली तरी पाणी पीत नाहीत, कारण नंतर शौचालयात जायची सोय नसते. एक पायरी, एक कडी, एक अरुंद दार एवढ्यावर अख्खी शाळा सुटते. एसडीएमसीच्या, म्हणजे शाळा विकास समितीच्या, बैठकीत हा विषय मांडा. गावात गवंडी असतो, रॅम्प आणि कठडा ही मोठी कामं नाहीत.

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलासाठी कामाचे तुकडे पाडा. ‘वही काढ, तारीख लिही, पान बारावरचं पहिलं गणित सोडव’ ही त्याच्यासाठी तीन कामं आहेत. एक सांगा, होऊ द्या, मग दुसरं. अक्षरं हाताने शिकवा: परातीत ज्वारी पसरून बोटाने गिरवणं हे कुठल्याही महाग साधनाइतकंच चांगलं चालतं.

ज्या शाळांत नली-कली, म्हणजे कार्डांवरून खेळत शिकण्याची पद्धत, चालते तिथे तिसरीपर्यंत प्रत्येक मूल आपल्या गतीने कार्ड पुढे सरकवतं. विशेष गरजेच्या मुलासाठी ही पद्धत मला मनापासून आवडते, कारण तिथे कुणी सगळ्यांबरोबर धावत नाही. पण धोकाही तिथेच आहे. मूल महिनोन् महिने त्याच कार्डापाशी थांबतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. मग चौथीत पाठ्यपुस्तक हातात पडतं आणि सगळं एकदम उघडं पडतं. एकाच कार्डावर महिना गेला की वहीत नोंद करा आणि शिकवण्याची रीत बदला. तेच कार्ड पुन्हा देऊ नका.

दृष्टिहीन मुलाबद्दल एक गोष्ट नव्या शिक्षकांना सहसा माहीत नसते. भारती ब्रेलमध्ये भारतीय भाषांच्या सारख्या उच्चारांना बहुतेक सारखेच ठिपके आहेत. मराठी ‘क’ आणि कन्नड ‘क’ बोटाला एकच लागतात. डोळस मुलाला दोन लिप्या शिकाव्या लागतात तिथे या मुलाचं अर्धं काम झालेलं असतं. तसंच कर्णबधिर मुलासाठी भारतीय सांकेतिक भाषा ना मराठी आहे ना कन्नड. तिचा दहा हजार शब्दांचा शब्दकोश चित्रफितींसह उपलब्ध आहे. रोज दोन खुणा सगळ्या वर्गाने शिकाव्यात, म्हणजे मधल्या सुट्टीत ते मूल एकटं पडत नाही.

फिट आली तर घाबरू नका. मुलाला कुशीवर वळवा, आजूबाजूची टणक वस्तू बाजूला करा, डोक्याखाली दप्तर किंवा कापड ठेवा, घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. चप्पल, कांदा हुंगवायला देऊ नका. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर न येता पुन्हा आली, तर १०८. एक वेगळी फिटही असते, ज्यात मूल काही सेकंद एकटक बघत राहतं, हाक मारली तरी ऐकत नाही आणि मग काही झालंच नाही असं पुढे लिहू लागतं. ‘लक्ष नाही’ म्हणून मार खाणाऱ्या मुलांत अशी मुलं असतात. दिवसातून किती वेळा होतं ते लिहा आणि डॉक्टरकडे पाठवा.

वैयक्तिक योजना आणि परीक्षा

वैयक्तिक शिक्षण योजना, म्हणजे आयईपी, कागदोपत्री भरण्याचा प्रकार होऊन बसला आहे. ‘वाचन सुधारणे’ असं लिहिलेली योजना कुणाच्या उपयोगाची नाही. असं लिहा: ‘दिवाळीपर्यंत काना आणि वेलांटीचे दोन अक्षरी दहा शब्द न अडखळता वाचेल. रोज सकाळी दहा मिनिटं, ज्वारीच्या परातीत आणि शब्दपट्ट्यांवर.’ तीन-चारच उद्दिष्टं ठेवा आणि त्यांतलं एक घरच्यांनी करण्यासारखं असू द्या.

चाचण्यांत, एफए (आकारिक) असो वा एसए (संकलित), मुलाला ज्या रीतीने शिकवलं त्याच रीतीने तपासा. वर्षभर तोंडी घेतलं आणि परीक्षेला लेखी कागद पुढे केला तर तो अन्याय आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ यात जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट या गोष्टी नावानिशी आहेत. सीमाभागात भाषेच्या सुटीचा विचार लगेच मनात येतो, कारण आपल्या मुलांवर तीन भाषांचं ओझं आहे. गरज असेल तिथे ती जरूर घ्या. पण माझं मत स्पष्ट सांगते: कन्नड लेखी परीक्षेतून सूट मिळाली तरी बोलायचं कन्नड सोडू नका. हे मूल इथेच वाढणार आहे, बसची पाटी, दवाखाना, बाजार, नाडकचेरी सगळीकडे त्याला कन्नड लागणार. तोंडी कन्नड, गाणी, दुकानातले शब्द चालू ठेवा.

एसएसएलसीच्या सवलतींसाठी दहावीत जाऊन धावपळ करू नका. प्रमाणपत्र आणि आधीच्या वर्गांतल्या नोंदी दोन्ही लागतात, आठवी-नववीतच प्रस्तावाची तयारी ठेवा. लेखनिक लागणार असेल तर त्या मुलाला वर्षभर लेखनिकाबरोबर सराव द्या. दुसऱ्याला उत्तर सांगून लिहवून घेणं हे वेगळं कौशल्य आहे, परीक्षेच्या दिवशी ते आपोआप येत नाही.

जे मूल शाळेत येऊच शकत नाही त्याचं नाव पटावरून काढू नका. गृहाधारित शिक्षणाची तरतूद आहे, संसाधन शिक्षक घरी जातात, आणि महिन्यातून एकदा तुम्हीही वर्गातली दोन मुलं घेऊन जा.

मूल सातवी-आठवी पास होऊन हायस्कूलला जाईल तेव्हा त्या वहीची एक प्रत पालकांच्या हाती द्या आणि एक नव्या वर्गशिक्षकांना. मे महिन्याच्या सुट्टीतच एकदा त्याला घेऊन नव्या शाळेत जाऊन या: फाटक, वर्ग, शौचालय, पाण्याचा नळ दाखवा, बसथांब्यावरून चालत जाऊन बघा. सवलतीच्या बसपासचा अर्जही त्याच फेरीत भरून टाका.